डायव्हिंगमुळे फुप्फुसाचा आजार: सोलापुरात राहून भरपाईचा अर्ज कसा करावा

मुंबई हायसारख्या तेलक्षेत्रात डायव्हर असलेल्या सोलापूरकराला फुप्फुसाच्या आजाराने काम सोडावं लागलं, तर अर्जासाठी मुंबई गाठायची गरज नाही. अर्जदार नेहमी जिथे राहतो तिथल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे (पूर्वीचे आयुक्त) दावा करता येतो. 21 नोव्हेंबर 2025 पासून 1923 च्या कर्मचारी भरपाई कायद्याऐवजी सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 लागू आहे; ही सोय दोन्हींत आहे.

पात्रता: दाबाखालच्या हवेत काम केल्याने होणारे आजार तिसऱ्या अनुसूचीच्या पहिल्या भागात येतात. त्यासाठी सलग सहा महिने नोकरीची अट नाही. कंत्राटदाराने हात वर केले तर ज्याचं काम होतं त्या मूळ मालकाकडून भरपाई मागता येते. करारात ‘सल्लागार’ लिहिलेल्यांना मात्र आपण नोकरच होतो हे पगार, हजेरी आणि सुपरवायझरच्या आदेशांवरून दाखवावं लागतं.

गाडी अडते ती वैद्यकीय कागदांवर. पाण्याखाली जास्त दाबाचा ऑक्सिजन, दाट वायू ओढण्याचे श्रम आणि वर येताना शिरांतून फुप्फुसात येणारे बारीक बुडबुडे यांमुळे वर्षानुवर्षांत लहान श्वासनलिका अरुंद होतात, वायू रक्तात उतरण्याची क्षमता (डीएलसीओ) घटते. पण डायव्हरची फुप्फुसं मुळात सरासरीपेक्षा मोठी असतात. समजा भरतीच्या वेळी क्षमता त्या वयाच्या माणसाच्या सरासरीच्या 118 टक्के होती आणि आता 92 झाली. रिपोर्टवर तरी ‘नॉर्मल’च छापून येणार! म्हणून नुसता ताजा रिपोर्ट फारसा उपयोगाचा नाही. भरतीपासूनच्या वार्षिक फिटनेस तपासण्यांच्या प्रती, स्पायरोमेट्रीच्या (श्वास फुंकून मोजण्याच्या चाचणीच्या) आलेखासह, कंपनीकडे लेखी मागा. थर्मल कागदावरची छपाई पुसट होते, झेरॉक्स काढून ठेवा.

सोलापुरात आणखी एक घोळ होतो. दम लागतो म्हटलं की केसपेपरवर यंत्रमागाची धूळ नाहीतर विडी, एवढंच लिहिलं जातं. डायव्हिंगची वर्षं, खोली आणि वायू नोंदवून घेतल्याशिवाय उठू नका.

सोबत जोडा: सुपरवायझरच्या सहीचं डाइव्ह लॉगबुक, करार, पगारपत्रकं, बँक पासबुक, आधार, सोलापूरच्या पत्त्याचा पुरावा, शाळा सोडल्याचा दाखला आणि कमाईची क्षमता किती टक्के घटली याचा डॉक्टरांचा दाखला.

आधी मालकाला लेखी नोटीस स्पीड पोस्टने द्या, पोच जपा. त्यांनी मोफत तपासणीला बोलावलं तर जा. नकार दिला तर हक्क स्थगित होतो. आजारामुळे सलग गैरहजेरी सुरू झाली त्या दिवसापासून दोन वर्षांत दावा दाखल करायचा. उशिराला सबळ कारण असेल तर माफी मिळू शकते.

रकमेबाबत अपेक्षा बेताचीच ठेवा. जुन्या कायद्यात 2020 पासून हिशेबाला महिना 15,000 रुपयेच धरत, प्रत्यक्ष पगार लाखात असला तरी. वय 35 असेल तर 15,000 चे 60 टक्के गुणिले 197.06 (कायद्याने वयानुसार ठरवलेला गुणक), म्हणजे क्षमता पूर्ण गेल्यास 17,73,540. कमाईची क्षमता 30 टक्के गेली असेल तर 5,32,062. म्हणूनच दाखल्यावरच्या टक्क्यासाठी भांडावं लागतं. देय झाल्यापासून महिन्यात पैसे दिले नाहीत तर 12 टक्के सरळ व्याज लागतं. ‘आता काही देणं नाही’ अशा कागदावर सही घेतली असली, तरी तेवढ्याने हक्क बुडत नाही.