आरएस-४८५ : डिफरन्शियल सिग्नल, ग्राउंड आणि आयसोलेशन

एकच संदेश एका तारेवरून सुलट आणि दुसरीवरून उलट पाठवायचा आणि पलीकडे त्या तारांमधल्या व्होल्टेजच्या फरकावरून तो ओळखायचा, या पद्धतीला डिफरन्शियल सिग्नल म्हणतात. कारखान्यातले ऊर्जामीटर, मोटरचा वेग सांभाळणारे ड्राइव्ह आणि पीएलसी (यंत्रे चालवणारा औद्योगिक संगणक) यांना जोडणारे आरएस-४८५ हे १९८३ सालचे मानक याच पद्धतीवर चालते.

जुन्या आरएस-२३२ मध्ये सिग्नलची एक तार असते आणि परतीला ग्राउंडची समाईक तार. आकृतीत ग्राउंडपाशी शून्य व्होल्ट लिहिलेले असते. प्रत्यक्षात तीही तांब्याचीच तार. तिला रोध आहे, म्हणून तिच्यातून प्रवाह वाहिला की तिच्या दोन टोकांत व्होल्टेजचा फरक पडतो आणि तो थेट सिग्नलमध्ये मिसळतो. म्हणूनच ती जोडणी साधारण १५ मीटरपर्यंतच भरवशाची मानली जाई.

आरएस-४८५ चा रिसीव्हर ए आणि बी या तारांची फक्त वजाबाकी करतो. समजा ए वर ३ व्होल्ट आहेत, बी वर १. शेजारून गेलेल्या मोटरच्या केबलमुळे दोन्हींवर ४-४ व्होल्ट चढले, तर ए ७ वर जाईल आणि बी ५ वर. फरक २ चा २ च. मात्र असा बाहेरून चढणारा व्होल्टेज, म्हणजे नॉइज, दोन्ही तारांवर सारखाच बसायला हवा, म्हणून तारांना एकमेकींचा पीळ देतात. टेलिफोनच्या तारांसाठी ही युक्ती अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ मध्ये पेटंट केली होती. रिसीव्हरला २०० मिलिव्होल्टचा फरक पुरतो. केबलच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा रोध लावला आणि वेग कमी ठेवला, तर सिग्नल १२०० मीटरपर्यंत जातो.

इथेच एक घातक समज तयार होतो: फरकच मोजायचा आहे, मग ग्राउंडची तार कशाला? कितीतरी पॅनेलमध्ये ए आणि बी घट्ट कसलेले असतात आणि शेजारचा तिसरा, कॉमनचा (म्हणजे ग्राउंडच्या तारेचा) स्क्रू मोकळा दिसतो. पण वजाबाकी करणारी चिपही कुठल्यातरी शून्यावर उभी असते. त्या शून्याच्या मानाने ए किंवा बी उणे ७ ते अधिक १२ व्होल्टच्या बाहेर गेले, की मानकाची हमी संपते. हे आकडे आले कसे? सिग्नल ० ते ५ व्होल्टचा, आणि दोन ग्राउंडमधला फरक दोन्ही दिशांना ७ व्होल्टपर्यंत धरलेला. दोन शेडच्या अर्थिंगमध्ये मल्टिमीटर एसीवर लावा आणि मोठी मोटर सुरू होताना किंवा वेल्डिंग चालू असताना आकडा पाहा. ‘मोटर लावली की मीटर बोलत नाही’ या तक्रारीचे उत्तर पुष्कळदा तिथे मिळते.

म्हणून तिसरी तार हवीच, सहसा १०० ओहमच्या रोधातून जोडलेली. जाड तारेने दोन्ही ग्राउंड थेट जोडले, किंवा शील्ड (केबलवरची धातूची जाळी) दोन्ही टोकांना अर्थ केली, तर ग्राउंड लूप तयार होऊन तिच्यातूनच ५० हर्ट्झचा प्रवाह फिरू लागतो. त्यावर उपाय म्हणून यंत्राचे अर्थिंग काढून टाकणारे भेटतात. हे कधीही करू नये. ते अर्थिंग माणसाच्या जिवासाठी आहे, सिग्नलसाठी नव्हे.

दोन ग्राउंडमधला फरक ७ व्होल्टच्या पुढे जाणार असेल तर खरा उपाय आयसोलेशन: दोन बाजूंमधला धातूचा संबंधच तोडायचा. ऑप्टोकपलरमध्ये एका बाजूचा एलईडी लुकलुकतो आणि मधल्या पारदर्शक थरापलीकडचा फोटोट्रान्झिस्टर तो प्रकाश वाचतो. हेच काम चुंबकीय किंवा कपॅसिटरच्या जोडणीनेही होते. सिग्नलचा संबंध असा तोडला, पण दोन्ही बाजूंचा सप्लाय एकच ठेवला, तर सगळे व्यर्थ; बसकडच्या (सगळी उपकरणे जोडणाऱ्या समाईक तारांकडच्या) बाजूला सप्लायसाठी वेगळा, आयसोलेटेड डीसी-डीसी कन्व्हर्टर लागतो. आणि आयसोलेशननंतरही बसच्या बाजूचे सगळे कॉमन तिसऱ्या तारेने एकमेकांना जोडून एकाच ठिकाणी अर्थ करावे लागतात, नाहीतर ती बाजू अधांतरी राहते आणि तिच्यावर चढलेल्या विद्युतभाराला उतरायला वाट राहत नाही.