बोर्ड मेला नव्हता, बॉड चुकला होता

परवा रात्री कपाटातून एक जुना सर्किट बोर्ड काढला आणि जीडीबी (प्रोग्राममधल्या चुका शोधायचं सॉफ्टवेअर) त्याला जोडायला गेलो तर टाइमआउट, म्हणजे वाट बघून उत्तरच नाही, परत केलं तर परत टाइमआउट, मला वाटलं गेला हा कामातून. तरी जीडीबीच्या डॅश एल ऑप्शनने वाट बघायची वेळ २ सेकंदांवरून १० केली, म्हणजे बहिऱ्याला हाक मारून दारात जास्त वेळ उभं राहण्यातला प्रकार.

खरा घोळ डॅश बी मधे होता. हा ऑप्शन सिरीयल वायरचा (एकामागून एक बिट नेणारी) स्पीड ठरवतो, बॉड रेट, इथे म्हणजे सेकंदाला किती बिट (टेलिग्राफवाल्या एमिल बोदोचं नाव, उच्चाराची वाट आपण लावली). माझ्या स्क्रिप्टमधे ११५२०० होतं आणि बोर्ड बसलेला ९६०० वर. आता गंमत बघा, ९६०० ला एक बिट १०४ मायक्रोसेकंद टिकतो आणि ११५२०० ला अख्खा बाइट, आधीचा स्टार्ट आणि शेवटचा स्टॉप बिट धरून १० बिट, ८७ मायक्रोसेकंदात संपतो. म्हणजे मी पूर्ण अक्षर बोलून मोकळा, बोर्डाचा अजून पहिला बिटसुद्धा ऐकून झालेला नाही.

त्यात जीडीबीची भाषा एकदम साधी. प्रोसेसरमधली रजिस्टरं (आकडे ठेवायच्या छोट्या जागा) हवीत तर $ चिन्ह, मग इंग्रजी स्मॉल जी, मग # आणि दोन आकडी चेकसम (अक्षरांच्या कोडची बेरीज, मजकूर नीट पोचला का ते तपासायला). जीचा आस्की कोड (अक्षराचा ठरलेला नंबर) १०३, हेक्समधे, म्हणजे १६ च्या पटीत मोजायच्या पद्धतीत, ६७, अक्षर एकच म्हणून चेकसमही ६७. नीट पोचलं की समोरून + येतो, बेरीज जुळली नाही तर -, आणि डॉलरच कळला नाही तर काहीच येत नाही. म्हणून एरर कधीच "स्पीड चुकलाय" म्हणत नाही, नुसता टाइमआउट.

स्क्रिप्टमधली सेट रिमोटबॉड कमांड पण आता जुनी झालीय, सेट सिरीयल बॉड लिहायचं. हे नाव मला पटतं, स्पीड शेवटी वायरचा असतो, पलीकडे कोण बसलंय त्याचा नाही, आणि पॅरिटीची (चूक पकडायच्या जादा बिटची) कमांडही त्याच घरात आहे. फक्त हे सगळं टारगेट रिमोट या जोडणी करणाऱ्या कमांडच्या आधी हवं, पोर्ट उघडतानाच स्पीड लागतो, चालू कनेक्शनमधे बदलून उपयोग नाही.

९६०० टाकलं आणि लगेच जोडलं. पण मग ६४ केबी मेमरी वाचायला घेतली, हेक्समधे प्रत्येक बाइटची दोन अक्षरं, सेकंदाला ९६० अक्षरं, दोन मिनिटं उलटून गेली तरी चालूच. ११५२०० ला साडेअकरा सेकंदांच्या आसपास झालं असतं. आता बोर्डावरच्या स्टबमधेच (जीडीबीशी बोलणारा छोटा प्रोग्राम) स्पीड वाढवणार आहे, तोपर्यंत बोर्डावर ९६०० ची चिठ्ठी चिकटवलीय.