सी ड्राइव्हची कॉपी म्हणजे क्लोन नव्हे

‘सी ड्राइव्ह उघडला, सगळे सिलेक्ट करून नव्या एसएसडीवर पेस्ट केले, तरी कॉम्प्युटर चालू होत नाही’ ही तक्रार कोल्हापुरात मी इतक्यांदा ऐकली आहे की, समोरच्याचे वाक्य पुरे होण्याआधीच मी सांगून टाकतो: तुम्ही कॉपी केली, तुम्हाला क्लोन, म्हणजे आख्ख्या ड्राइव्हची हुबेहूब नक्कल, हवा होता. ‘डाटा मारून द्या’ या एका बोलीत आपण दोन्ही कामे कोंबतो आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

कॉपी म्हणजे काय ते सांगण्याची गरज नाही. फोटो, एक्सेलच्या फाइली, टॅलीचा डाटा यांसाठी ती पुरेशी आहे.

अडते ते विंडोजपाशी, कारण विंडोज म्हणजे सी ड्राइव्ह हा समज चुकीचा आहे. ‘धिस पीसी’मध्ये सी आणि डी एवढेच दिसतात, पण त्याच कॉम्प्युटरवर विंडोजमधलेच डिस्क मॅनेजमेंट उघडले, तर बहुतेक नव्या मशीनवर सी च्या डावीकडे साधारण १०० एमबीचा, अक्षर नसलेला एक चिंचोळा चौकोन दिसतो. तो ईएफआय सिस्टम पार्टिशन, म्हणजे ड्राइव्हचा वेगळा राखलेला भाग. पॉवरचे बटण दाबल्यावर मदरबोर्डवरील यूईएफआय, म्हणजे सर्वांत आधी जागे होणारे सॉफ्टवेअर, सी ड्राइव्हकडे जातच नाही. ते आधी या पार्टिशनमधील बूट मॅनेजर, म्हणजे विंडोज चालू (बूट) करून देणारा प्रोग्रॅम, सुरू करते आणि विंडोज कोणत्या पार्टिशनवर आहे, हे बूट मॅनेजरला शेजारच्याच नोंदींतून कळते. तुमच्या कॉपीत विंडोजचे फोल्डर नव्या ड्राइव्हवर पोहोचले असेल, पण हे पार्टिशन आणि त्यातील नोंदी मागेच राहतात. क्लोनचे सॉफ्टवेअर ड्राइव्हवरील सगळी पार्टिशने, न दिसणारीसुद्धा, नव्या ड्राइव्हवर उभी करते. चालू विंडोजमधील रजिस्ट्रीसारख्या (विंडोजच्या सेटिंग्ज साठवणाऱ्या) अडकलेल्या फाइली कॉपी होत नाहीत हेही खरे; तथापि त्या झाल्या असत्या, तरी तो ड्राइव्ह बूट झाला नसता.

उद्यमनगरातील एका वर्कशॉपच्या हिशेबाच्या कॉम्प्युटरवर मी हा प्रकार जवळून पाहिला. १ टीबीच्या नव्या एसएसडीवर फोल्डर सगळे होते, स्क्रीनवर ‘नो बूटेबल डिव्हाइस’ होते आणि जुनी डिस्क आदल्या संध्याकाळीच फॉरमॅट झाली होती. टॅलीचा डाटा वाचला, परंतु विंडोजसकट सगळे प्रोग्रॅम पुन्हा टाकावे लागले. नवा ड्राइव्ह बूट होण्याआधी जुन्याला फॉरमॅट मारण्याची ही घाई मला अजिबात सहन होत नाही.

इमेज हा तिसरा शब्दही यात उगाच मिसळला जातो. ती संपूर्ण ड्राइव्हची एक फाइल असते आणि रिस्टोअर केल्याशिवाय तिच्यावरून काहीही बूट होत नाही.

क्लोन झाल्यावरही एक तक्रार येतेच: २५६ जीबीवरून १ टीबीवर गेलो, तरी सी तेवढाच. उरलेली जागा ‘अनअलोकेटेड’, म्हणजे कोणत्याच पार्टिशनला न दिलेली, म्हणून शेवटी पडलेली असते आणि ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ फिकट दिसते, कारण विंडोज सी ला उजवीकडे लागून असलेल्या जागेतच वाढवते, आणि तिथे बहुधा विंडोजच्या दुरुस्तीसाठी राखलेले रिकव्हरी पार्टिशन ठाण मांडून असते. म्हणून क्लोन सुरू करण्यापूर्वीच सॉफ्टवेअरमध्ये नव्या सी चा आकार वाढवून घ्यावा. १ टीबीचे ९३१ जीबी दिसतात ते मोजण्याच्या पद्धतीमुळे. त्यावरून दुकानदाराशी वाद घालू नये.

सोर्स आणि डेस्टिनेशन निवडताना मी ड्राइव्हचे मॉडेल आणि आकार दोनदा वाचतो, कारण डेस्टिनेशनवरचे सगळे पुसले जाते आणि उलट निवड झाली, तर कोरी डिस्क तुमच्या विंडोजवर क्लोन होते. बिटलॉकर, म्हणजे ड्राइव्हला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू असल्यास त्याची रिकव्हरी की आधी कागदावर उतरवावी. पहिल्यांदा बूट करताना जुना ड्राइव्ह काढूनच ठेवावा. तो जोडलेला राहिला, तर विंडोज नेमके कोणत्या ड्राइव्हवरून उठले ते कळत नाही, आणि जुन्यावरूनच चालू झालेल्या कॉम्प्युटरवर ‘क्लोन यशस्वी’ म्हणून पैसे घेतलेलेही मी पाहिले आहेत.