साखर घालूनही बिअर कोरडी कशी होते?

बेल्जियन पद्धतीच्या कडक बिअरचं किट उघडलं की माल्टच्या (म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीच्या) पाकाच्या डब्याशेजारी साखरेची पिशवी निघते. ती बघून दोन शंका हमखास येतात. एक, बिअर गोड होणार. दुसरी, माल्ट महाग म्हणून कंपनीनं साखर मारून भागवलंय. दोन्ही चूक. तेवढीच ताकद नुसत्या माल्टवर आणायला गेलात तर बिअर गोडसर आणि जड होते. साखर घातली की ती हलकी, कोरडी (म्हणजे गोडी न उरलेली) आणि जास्त कडक होते. उसाच्या जिल्ह्यात राहणाऱ्यांना तरी हे कोडं सोडवायला हवं.

आधी कायदा. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय मद्य बनवणं गुन्हा आहे. बादलीभर असो नाहीतर घरच्यापुरतं असो. खिशात पिण्याचा परवाना आहे म्हणून सुटका नाही, तो पिण्याचा असतो, बनवण्याचा नव्हे. ब्रिटनमध्ये मात्र १९६३ पासून स्वतःपुरती बिअर घरी करायला परवाना लागत नाही. तेव्हा खालची मापं मँचेस्टर-लंडनला गेलेल्या कोल्हापूरच्या पोरांसाठी, आणि त्यामागचं रसायन इथल्या सगळ्यांसाठी.

१० लिटरचा हिशेब धरू. हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) घातलेला माल्टचा पाक २ किलो, साखर ४०० ग्रॅम, कोरडं यीस्ट ११ ग्रॅमची पुडी. सोबत घट्ट झाकणाची १५ लिटरची बादली, एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारी पण बाहेरची हवा आत न घेणारी झडप), नळी, थर्मामीटर आणि हायड्रोमीटर. बिअरला लागणारी प्रत्येक वस्तू आधी धुवायची आणि मग किटमधल्या जंतुनाशकाच्या पाण्यातून काढायची. आधी धुवायचीच, कारण चिकटलेल्या घाणीवर जंतुनाशक चालत नाही. ३ लिटर पाणी उकळून भांडं गॅसवरून उतरवायचं आणि मगच पाक ओतायचा; आचेवर ओतला तर तळाला बसून करपतो आणि तो वास शेवटपर्यंत जात नाही. वरून थंड पाणी घालून साडेनऊ लिटर करायचं. तापमान २० अंशांच्या आसपास आलं की पाच मिनिटं जोरात घुसळून हवा मिसळायची. आंबवण्याच्या अख्ख्या प्रवासात ऑक्सिजन हवा असतो तो एवढ्याच टप्प्यावर, कारण यीस्टला नव्या पेशींचं पटल बांधायला लागणारे स्टेरॉल त्याशिवाय बनवता येत नाहीत. मग यीस्ट टाकायचं. साखरेची पिशवी अजून बाजूलाच.

आता मोजमाप. दूध संस्थेत लॅक्टोमीटर बुडवून २८ म्हणतात, म्हणजे दुधाची घनता १.०२८. हायड्रोमीटर त्याचाच भाऊ, फक्त त्याची पट्टी लांब. २ किलो पाक साडेनऊ लिटरमध्ये असताना तो १.०६३ च्या जवळपास दाखवेल. नवखा माणूस हाच आकडा वहीत लिहितो आणि शेवटी ताकद कमी भरली म्हणून किटला नावं ठेवतो. नंतर जाणारी ४०० ग्रॅम साखर धरली तर खरी सुरुवात १.०७५ ची आहे. आंबून झाल्यावर आकडा १.०१२ वर थांबला तर दोन्हींतला फरक ०.०६३; त्याला १३१ नं गुणलं की आकारमानानं ८.३ टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल. हीच १.०७५ ची सुरुवात अडीच किलो माल्टवर केली असती तर बिअर साधारण १.०१८ वर अडकली असती आणि ताकद साडेसात टक्क्यांवर.

का अडकली असती? माल्टच्या पाकात साधारण निम्मा वाटा माल्टोजचा, थोडं ग्लुकोज, थोडं माल्टोट्रायोज, आणि जवळपास चौथा हिस्सा डेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चचे अर्धवट तुटलेले तुकडे. डेक्स्ट्रिन साध्या बिअर-यीस्टला पचत नाहीत. ते बिअरमध्येच राहतात आणि तोंडात जाडपणा देतात. माल्ट वाढवला की हा न पचणारा भागही वाढतो. उसाच्या किंवा बीटच्या साखरेचं तसं नाही: ती नुसती सुक्रोज असते, यीस्ट तिचा कणही मागे ठेवत नाही. वर अल्कोहोल पाण्याहून हलका, त्यामुळे घनता आणखी खाली येते. साखर गेली, गोडी गेली, ताकद उरली.

खरी गंमत यीस्ट ती साखर कशी खातं यात आहे. यीस्टच्या पेशीला बाहेरून एक भित्तिका असते आणि आत पटल. या दोहोंमधल्या चिंचोळ्या जागेत इन्व्हर्टेज नावाचं विकर पेरलेलं असतं. सुक्रोजचा रेणू तिथं पोचला की विकर त्याचे दोन तुकडे करतं, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. म्हणजे तोडणी पेशीच्या दारातच होते, आत फक्त तुकडे जातात. बाहेर हे तुकडे जास्त आणि आत कमी असल्यानं पटलातल्या वाहक प्रथिनांतून ते आपसूक आत सरकतात, ऊर्जा खर्च करावी लागत नाही. माल्टोजची तऱ्हा वेगळी. तो अख्खाच आत न्यावा लागतो, आणि त्यासाठीचं वाहक प्रथिन प्रत्येक माल्टोजबरोबर एक प्रोटॉन आत घेतं. तो प्रोटॉन परत बाहेर फेकायला एक एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं एक नाणं, मोडतो. एका माल्टोजचे आत दोन ग्लुकोज होतात, त्यांतून चार एटीपी मिळतात. भाडं वजा जाता हातात तीन. सुक्रोजमधून मात्र चारच्या चार.

फुकटचं ग्लुकोज समोर असताना माल्टोजसाठी कोण खर्च करेल? यीस्ट करत नाही. ग्लुकोज भरपूर आहे असा निरोप पेशीत पोचला की मिग१ नावाचं प्रथिन केंद्रकात जाऊन माल्टोजशी संबंधित जनुकांवर बसतं. नवे वाहक तयार व्हायचे थांबतात. एवढ्यावर भागत नाही: पटलात आधीपासून असलेले माल्टोजचे वाहकही आत ओढून मोडीत काढले जातात. पुढे ग्लुकोज संपलं की हा सगळा कारखाना नव्यानं उभारावा लागतो आणि त्याला लागतात अमिनो आम्लं, म्हणजे नायट्रोजन. नायट्रोजन येतो माल्टमधून; पांढऱ्या साखरेत तो नसतोच. आता कल्पना करा, ४०० ग्रॅम साखर पहिल्याच दिवशी ओतली. यीस्टच्या पहिल्या पिढ्या ग्लुकोजवर पोसल्या, नायट्रोजन वापरून बसल्या, भोवती अल्कोहोल साठला, आणि ताटात उरला तो सगळा माल्टोज. दर खेपेला अडकतंच असं नाही, पण हायड्रोमीटरचा काटा १.०३० वर आठवडाभर बसला असेल तर कारण बहुतेक हे, नाहीतर बादली थंड पडलेली. तेव्हा बादली २४-२५ अंशांवर आणायची आणि तळाचं यीस्ट उठेल इतपतच हळू फिरवायची. आता घुसळायचं नाही. या टप्प्यावर हवा लागली तर बिअरला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो.

म्हणून साखर तिसऱ्या-चौथ्या दिवशी. काटा १.०२५ च्या खाली आला आणि फेस बसायला लागला की ४०० ग्रॅम साखर ३०० मिलिलिटर पाण्यात उकळून, पूर्ण निववून, बारीक धारेनं घालायची. तोवर यीस्टनं बराचसा माल्टोज संपवलेला असतो. साखर कोरडी ओतायची नाही. बिअरमध्ये विरघळलेल्या वायूला प्रत्येक कणावर बुडबुडा धरायला जागा मिळते आणि फेस झाकणासकट बाहेर येतो. आणि एकूण साखरेत बाहेरच्या साखरेचा वाटा पाचव्या हिश्शाच्या फार वर नेऊ नये. वर नेला की यीस्ट नायट्रोजनविना रखडतं आणि बिअर पाणचट लागते.

सुक्रोज फुटण्याची ही क्रिया कोल्हापूरच्या गुळव्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, फक्त तो तिच्याशी भांडत असतो. तोडलेला ऊस चार दिवस पडून राहिला की उसातलंच विकर सुक्रोज फोडायला लागतं. रस आंबट असेल तर काहिलीतल्या उकळीत आम्लानंही तेच होतं. ग्लुकोज-फ्रुक्टोज वाढलं की गूळ धरत नाही, ढेप पाघळते. रसात चुना घालायचा तो आम्लपणा मारून ही फूट रोखायला (भेंडीच्या चिकाचं काम वेगळं, ते मळी वर आणतं). काकवी मात्र पातळच राहायला हवी, तिथं तीच फूट उपयोगी पडते. बिअरच्या जुन्या पाककृतींत साखर लिंबाच्या आम्लात तासभर उकळून आधी फोडून घ्यायला सांगतात. वेळ घालवायचा असेल तर करा. यीस्टकडं त्याचं विकर आहेच, आणि ते कमालीचं जलद आहे. मार्सेलिन बर्थेलोनं १८६० मध्ये यीस्टपासून ते वेगळं काढलं, आणि मायकेलिस व मेंटेन यांनी १९१३ मध्ये विकरांच्या वेगाचं जे प्रसिद्ध समीकरण मांडलं ते याच विकरावर प्रयोग करून.

बेल्जियममध्ये ही साखर बीटची. तिथं १९१९ च्या कायद्यानं सार्वजनिक ठिकाणी कडक दारू विकायला बंदी आली आणि कडक बिअरला गिऱ्हाईक वाढलं. वेस्टमालेच्या मठाची फिकट ट्रिपेल साडेनऊ टक्क्यांची असूनही जड लागत नाही, याचं श्रेय साखरेला. गडद बिअरसाठी कँडी शुगरचा काळा पाक वापरतात. तिथं साखर मुद्दाम करपण्याच्या काठापर्यंत नेलेली असते, चव त्या करपण्याची.

मग कोल्हापुरी गूळ का नको? चालतो की. २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला आपला गूळ मुख्यतः सुक्रोजच आहे, सोबत थोडं ग्लुकोज-फ्रुक्टोज, क्षार आणि पाणी. पण सगळे ४०० ग्रॅम गुळाचे घातले तर गोडी संपून मागे राहते ती काकवीची खारट-कडवट झाक. १०० ग्रॅम गूळ आणि ३०० ग्रॅम साखर हे प्रमाण बरं, तेही गडद बिअरला. पिवळाधमक गूळ घेऊ नये. रंग उजळायला मारलेल्या हायड्रॉस पावडरमधून सल्फाइट येतं, आणि यीस्ट त्याचा सडक्या अंड्याच्या वासाचा वायू करू शकतं. काळपट गूळच बरा. आणि 'गुळाची बिअर म्हणजे पौष्टिक' असले फॉरवर्ड आले तर सोडून द्या. गुळाचं अल्कोहोल आणि साखरेचं अल्कोहोल हा एकच रेणू आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं अल्कोहोलयुक्त पेयांना कर्ककारकांच्या पहिल्या गटात ठेवलंय.

तापमानाचं थोडक्यात. सुरुवात १८-२० अंशांवर, चौथ्या दिवसानंतर २३-२४ पर्यंत चढू द्यायचं. यीस्ट स्वतः उष्णता सोडतं, म्हणून खोलीचं नव्हे, बादलीच्या अंगाचं तापमान बघायचं. ते काही अंशांनी वर असतं. केळ्याचा वास आयसोअमाइल अॅसिटेटचा, लवंगेचा वास ४-व्हिनिलग्वायकॉलचा, दोन्ही बेल्जियन यीस्टच्याच हातचे. पहिल्या दिवसांतच २८ च्या वर गेलं की जड अल्कोहोलं वाढतात आणि बिअरला थिनरचा वास मारतो. कोल्हापूरच्या मे महिन्यासारख्या उकाड्यात बादलीभोवती ओलं पोतं आणि वर पंखा, याला पर्याय नाही.

इथं एक जुनी समजूत निकालात काढायला हवी: कडक बिअरमध्ये कंपन्या ग्लिसरीन घालतात आणि बाटली पाण्यात उलटी धरली की ते खाली उतरताना दिसतं. ग्लिसरीन यीस्ट आंबवताना आपोआप थोडं तयार करतंच, घरच्या बादलीतही. ते पाण्यात पूर्ण विरघळतं, वेगळं होऊन उतरू शकत नाही. उलट्या बाटलीतून दिसणारी ती धार खुद्द बिअरची असते. तिची घनता पाण्याहून किंचित जास्त, म्हणून ती खाली येते आणि पाणी वर चढतं. आपला १.०१२ चा आकडा तेच सांगतो. एवढी खटपट करून माणूस बिअर पातळ करतो आणि 'ग्लिसरीन काढलं' म्हणून पितो.

राहिलं बाटलीबंद करणं, आणि सगळ्यात धोकादायक चूक इथंच होते. साधारण दोन-तीन आठवड्यांनी काटा सलग तीन दिवस एकाच आकड्यावर थांबला पाहिजे. एअरलॉकचे बुडबुडे थांबले हा पुरावा नव्हे, झाकण गळत असलं तरी ते थांबतात. मग फेसासाठी लिटरला ६ ते ७ ग्रॅम साखर, म्हणजे १० लिटरला ६५ ग्रॅम, थोड्या पाण्यात उकळून निववून घालायची आणि हलक्या हातानं मिसळायची. त्यानं बिअर आपल्या आकारमानाच्या सुमारे अडीच पट कार्बन डायऑक्साइड धरते. घाई करून १.०२० वर बाटल्या भरल्या आणि यीस्ट नंतर १.०१२ पर्यंत उतरलं, तर काट्याच्या प्रत्येक हजारांशामागं अर्धा पट वायू वाढतो. आठ हजारांशांचे चार पट, वर फेसाच्या साखरेचे. साडेसहा पट वायू साध्या बिअरच्या बाटलीत मावत नाही. ती फुटते आणि काचा उडतात. बाटल्या जाड काचेच्या, एकदाही टवका न उडालेल्या घ्याव्यात, वर अडीच-तीन सेंटिमीटर मोकळं ठेवावं, आणि पहिले तीन आठवडे त्या झाकणाच्या खोक्यात २२-२४ अंशांवर ठेवाव्यात. सोबत एखादी बाटली कोल्ड्रिंकच्या जाड प्लास्टिकची भरावी: ती दगडासारखी कडक लागली की वायू भरला, फुगून तळ बाहेर यायला लागला की बाकीच्या सगळ्या आधी फ्रीजमध्ये थंड करून, डोळ्यांना चष्मा आणि हातात जाड मोजे घालून, एकेक करून टोपण सैल करायचं.