चाचणी निगेटिव्ह, तरी ‘लपलेला’ एचआयव्ही?

‘विषाणू वर्षानुवर्षं लपून बसतो, चाचणीत सापडतच नाही’ ही समजूत जुनी आणि निम्मीच खरी. एचआयव्ही पेशींत दडतो, लक्षणंही कित्येक वर्षं दिसत नाहीत; पण चाचणी शोधते ती शरीरानं त्याविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) आणि विषाणूचं पी-२४ प्रथिन. शिरेतल्या रक्तावर प्रयोगशाळेत केलेली चौथ्या पिढीची (म्हणजे ही दोन्ही शोधणारी) चाचणी शरीरसंबंधानंतर ४५ दिवसांनी निगेटिव्ह आली, तर त्या प्रसंगापुरता विषय संपला. बोटातल्या रक्ताच्या झटपट चाचणीसाठी ९० दिवस धरावेत. (संसर्ग टाळायची औषधं घेतली असतील, तर वेळापत्रक डॉक्टरांनाच विचारावं.)

मग एचआयव्हीचीच लक्षणं वाटणारी मानेतली गाठ, रात्रीचा घाम? घाम चिंतेनंही येतो, आणि गाठ दिवसभर चाचपत राहिलं तर ती दुखणारच. खरी पंचाईत पुन्हा पुन्हा चाचणी करण्यात आहे: निकाल आला की थोडे दिवस बरं वाटतं, मग ‘नमुने बदलले असतील तर?’ सुरू. अशा वेळी आणखी रक्त देण्याऐवजी मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं. आरोग्यचिंतेवर संज्ञानात्मक वर्तन उपचार (सीबीटी, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारा उपचार) चांगला लागू पडतो. त्यात सारखं तपासण्याची, खात्री मागत राहण्याची सवयच हळूहळू कमी केली जाते.