इंजिन बंद पडले म्हणजे विमान कोसळले, असे नव्हे
लातूर-नांदेडकडे लहान विमान घिरट्या घालू लागले की पारावर हमखास ऐकू येते, ‘इंजिन बंद पडलं की धोंड्यासारखं खाली येणार’. हा समज चुकीचा आहे. विमान तोलून धरतात ते पंख, म्हणूनच सेसना १७२ हे लहान, एका इंजिनाचे विमान ३००० फुटांवरून, वारा शांत असल्यास, सुमारे ८ किलोमीटर तरंगत जाऊ शकते. मात्र वैमानिकाने घाबरून विमानाचे नाक वर न ओढता ताशी सुमारे १२० किलोमीटर वेग राखला पाहिजे. तेवढ्या अवधीत तो शेत हेरतो आणि इंधन कोणत्या टाकीतून घ्यायचे ते ठरवणारी कळ तपासतो, कारण कधी कधी इंजिन बिघडलेलेच नसते, एका पंखातील टाकी रिकामी झालेली असते आणि दुसरीत इंधन शिल्लक असते. शेत निवडणे मात्र सोपे नाही: उन्हाळ्यातले सपाट रान चालते, पावसाळ्यातल्या काळ्या चिखलात पुढचे चाक रुतून विमान उलटू शकते.