हॅकिन्टॉश

हॅकिन्टॉश : ॲपलने न बनवलेल्या, सुटे भाग जोडून तयार केलेल्या संगणकावर मॅकओएस (ॲपलच्या संगणकांची कार्यप्रणाली) चालवण्याची पद्धत, तशा संगणकालाही हेच नाव आहे. ‘हॅक’ आणि ‘मॅकिन्टॉश’ यांच्या जोडातून ते पडले. फायनल कट प्रो आणि लॉजिक प्रो फक्त ॲपलच्या प्रणालीवर चालतात, त्यामुळे व्हिडिओ संकलन आणि ध्वनिमुद्रण करणाऱ्यांना कमी पैशांतला हा मार्ग खुणावतो. मुंबईत त्याचा माल मिळतो तो ग्रँट रोड स्थानकाच्या पूर्वेला, लॅमिंग्टन रोडवर. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असले तरी बोलण्यात जुनेच नाव चालते.

ॲपलने जून २००५ मध्ये पॉवरपीसी प्रोसेसर सोडून इंटेलचे प्रोसेसर घेण्याचे जाहीर केले आणि जानेवारी २००६ मध्ये पहिले इंटेल मॅक आले. मॅक आणि साधा पीसी आतून जवळजवळ सारखेच झाले, तिथून हा खटाटोप सुरू झाला. आधी कॅमेलिअन, मग क्लोव्हर आणि २०१९ पासून ओपनकोर अशी बूटलोडरची (संगणक चालू होताच प्रणाली सुरू करून देणारा प्रोग्राम) पिढी बदलत गेली. आज नवीन यंत्र जोडताना ओपनकोरच घ्यावा.

यंत्र चालणार की नाही हे सॉफ्टवेअरच्या आधी दुकानाच्या काउंटरवर ठरते. ॲपलने स्वतःच्या यंत्रांत जे भाग वापरले, मुख्यतः त्यांचेच ड्रायव्हर (तो भाग चालवणारे सॉफ्टवेअर) मॅकओएसमध्ये असतात; बाकीच्यांची सोय आपण करायची, आणि ग्राफिक्स कार्डाच्या बाबतीत ती सहसा होतच नाही. सगळ्यात कमी त्रासाचा पर्याय म्हणजे इंटेलची ८वी ते १०वी पिढी. कोअर आय५-१०४०० मध्ये ६ कोअर आणि यूएचडी ६३० ग्राफिक्स असतात, वीज ६५ वॉटच्या वर्गातली. दुकानदार थोडा स्वस्त म्हणून ‘१०४००एफ’ पुढे करतो. त्या ‘एफ’चा अर्थ आत ग्राफिक्स नाही. ११व्या पिढीपासूनचे अंगभूत ग्राफिक्स मॅकओएस ओळखत नाही, त्यामुळे ‘लेटेस्ट घ्या ना’ हा काउंटरवरचा सल्ला इथे उलटा पडतो. १०व्या पिढीचा माल आता बहुधा सेकंडहँडच मिळतो. मदरबोर्ड बी४६० किंवा झेड४९० चिपसेटचा घ्यावा आणि पैसे देण्याआधी प्रोसेसर बसतो त्या सॉकेटमधल्या पिना मोबाइलच्या टॉर्चखाली तिरक्या नजरेने पाहाव्यात. एक पिन वाकलेली असली तरी रॅमचा एखादा स्लॉट मरू शकतो. एएमडी रायझनवरही प्रणाली चालते, पण कर्नलला (प्रणालीचा गाभा) पॅच (बदलाचे तुकडे) लागतात, व्हर्च्युअल मशीन (संगणकातच दुसरी प्रणाली चालवणारे सॉफ्टवेअर) अडतात आणि काही सॉफ्टवेअर मधूनच बंद पडतात.

ग्राफिक्स कार्डात एनव्हिडियाचा विषय जवळपास संपला आहे. मॅक्सवेल आणि पास्कल पिढीची कार्डे मॅकओएसच्या हाय सिएरा आवृत्तीपर्यंतच (२०१७) चालली, त्यानंतरची कधीच नाहीत. एएमडीची आरएक्स ५७०, ५८०, ५७०० एक्सटी, ६६०० आणि ६८०० चालतात. मधली ६७०० एक्सटी आपोआप चालत नाही, आणि ७००० मालिका तर मुळीच नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचे मायनिंग (ग्राफिक्स कार्डांवर गणिते करून नाणी मिळवणे) बंद झाले आणि जुन्या बाजारात आरएक्स ५८० चा पूर आला. त्यांत दोन सापळे आहेत. एक, मायनिंगसाठी बदललेली कार्डाची बायॉस (कार्डातच साठवलेला मूळ प्रोग्राम); ती मूळ परत चढवावी लागते. दुसरा, खोक्यावर ‘५८०’ आणि बारीक अक्षरात ‘२०४८एसपी’. हे प्रत्यक्षात ५७० च्या ताकदीचे कार्ड असून त्याचा ओळख-क्रमांक मॅकओएसला ठाऊक नाही. क्रमांक बदलून ते चालवता येते, पण त्यासाठी पैसे मोजू नयेत.

बाकी खरेदी सोपी : १६ जीबी रॅम, ५०० जीबीचा एनव्हीएमई एसएसडी आणि चांगल्या कंपनीचा ५५० वॉटचा एसएमपीएस (वीज पुरवणारा भाग). लॅपटॉपमधून काढलेला सॅमसंग पीएम९८१ स्वस्त दिसला तरी घेऊ नये. त्यावर इन्स्टॉल करताना कर्नल पॅनिक होतो, म्हणजे प्रणालीच कोसळते.

बोर्डाच्या बायॉसमध्ये (संगणक चालू होताना उघडणारी मूळ सेटिंगची पाने) सिक्युअर बूट, सीएसएम, फास्ट बूट आणि सीएफजी लॉक बंद करावे. अबव्ह ४जी डिकोडिंग आणि एक्सएचसीआय हँड-ऑफ चालू करावे. साटा एएचसीआयवर आणि डीव्हीएमटी ६४ एमबीवर ठेवावे. काही बोर्डांत सीएफजी लॉकचा पर्यायच दिसत नाही, तिथे ओपनकोरमधला त्यासाठीचा क्वर्क (अशी खोड सांभाळणारी सेटिंग) चालू करतात.

हाताशी मॅक असेल तर ३२ जीबी पेनड्राइव्हवर पूर्ण इन्स्टॉलर बनतो. नसेल तर ओपनकोरसोबतच्या मॅकरिकव्हरी स्क्रिप्टने ॲपलच्या सर्व्हरवरून छोटी रिकव्हरी प्रत उतरवावी. उरलेले काही जीबी इन्स्टॉलच्या वेळी इंटरनेटवरून येतात, म्हणून तिथे लॅनची वायर लागते. पेनड्राइव्हच्या ईएफआय फोल्डरमध्ये (बूटलोडर ठेवायची जागा) एसीपीआय तक्ते (हार्डवेअरचे वर्णन), बूटलोडरचे ड्रायव्हर, केक्स्ट (मॅकओएसच्या कर्नलला जोडायचे ड्रायव्हर) आणि कॉन्फिग फाइल जाते. लिलू, व्हर्च्युअलएसएमसी, व्हॉटएव्हरग्रीन आणि ॲपलएएलसी ही केक्स्ट जवळपास प्रत्येक यंत्रात असतात. त्यांच्या जोडीला आपल्या लॅन चिपचे. ड्रायव्हरमध्ये ओपनरनटाइम आणि एचएफएसप्लस. १०व्या पिढीसाठी यंत्राची ओळख (कोणत्या मॅकचे सोंग घ्यायचे ते) ‘आयमॅक२०,१’ द्यावी. कुणाचे तरी ‘तयार ईएफआय’ उतरवून टाकण्याचा मोह आवरावा. ते दुसऱ्याच्या बोर्डासाठी असते, आणि अडल्यावर नेमके काय चुकले हे त्यातून कधीच कळत नाही.

अडचणी साधारण ठरलेल्या असतात. बूट आर्ग्युमेंटमध्ये (सुरू होताना द्यायच्या सूचना) ‘-व्ही’ घातले की पडद्यावर ओळी दिसतात आणि शेवटची ओळ चूक सांगते. ‘एक्झिटबीएस स्टार्ट’वर गाडी थांबली तर बूटर क्वर्क किंवा अबव्ह ४जी तपासावे. आरएक्स ५००० किंवा ६००० मालिकेच्या कार्डावर ओळी संपून पडदा काळा झाला तर ‘एजीडीपीमॉड=पिकेरा’ हे आर्ग्युमेंट राहिले आहे. वर्तुळात आडवी रेघ आली तर प्रणालीला स्वतःचा पेनड्राइव्हच दिसत नाही, आणि तिथे दोष बहुतेक वेळा यूएसबीचा.

यूएसबीच सगळ्यात जास्त छळतो. मॅकओएस एका कंट्रोलरवर १५ पोर्टच मानते आणि निळ्या रंगाची एक यूएसबी ३ ची जागा दोन पोर्ट म्हणून मोजली जाते : एक जुन्या वेगाचा, एक नव्या. बोर्डावर हा आकडा सहज वीसच्या पुढे जातो. पूर्वी ही मर्यादा उठवणारा क्वर्क चालायचा, मॅकओएस बिग सरच्या ११.३ आवृत्तीपासून तो बिघडला. आता यूएसबीटूलबॉक्सने, विंडोजमध्ये बसून, प्रत्येक जागेत आधी यूएसबी २ आणि मग ३ चा पेनड्राइव्ह लावून नकाशा बनवायचा आणि नको ते पोर्ट गाळायचे. ब्लूटूथचाही एक पोर्ट असतो, तो विसरू नये. हा नकाशा नीट नसेल तर यंत्र झोपवले की लगेच जागे होते.

वाय-फायसाठी ब्रॉडकॉमची कार्डे मॅकओएस व्हेंच्युरापर्यंत आपोआप चालत. पुढच्या सोनोमा आवृत्तीने (२०२३) तो ड्रायव्हर काढला आणि आता सुरक्षा सैल करून पॅच मारावा लागतो. इंटेलची कार्डे वेगळ्या केक्स्टने चालतात, पण एअरड्रॉप (ॲपलच्या उपकरणांत फाइल पाठवण्याची सोय) मिळत नाही. घरात लॅनची वायर ओढणे हे त्याहून शहाणपणाचे.

जुन्या चाळींत तिसऱ्या पिनला अर्थिंग नसते. मग कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येतात आणि स्पीकरमध्ये घरघर ऐकू येते. त्यात साउंड ड्रायव्हरचा दोष शोधत बसू नये. पावसाळ्यातल्या दमट हवेत रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर थर बसतो, तो खोडरबरने पुसावा. जुन्या बोर्डाचा सीआर२०३२ सेल उतरला आणि घराची वीज गेली की बायॉसच्या सगळ्या सेटिंग मूळपदावर जातात, आणि कालपर्यंत चालणारे यंत्र आज सुरू होत नाही. म्हणून त्या पानांचे फोटो काढून ठेवावेत. सेल नवा टाकावा हे वेगळे सांगायला नको.

ॲपलचा परवाना ही प्रणाली फक्त ॲपलच्या यंत्रांवर बसवायला मुभा देतो. अमेरिकेतील सिस्टार कंपनी २००८ पासून असे तयार संगणक विकत होती. २००९ मध्ये न्यायालयाने ॲपलच्या बाजूने निकाल देऊन ती विक्री थांबवली.

नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलने स्वतःच्या एम१ चिपचे मॅक आणले आणि इंटेल सोडायला सुरुवात केली. २०२५ ची टाहो ही मॅकओएसची इंटेलवर चालणारी शेवटची आवृत्ती आहे आणि तीही मोजक्याच इंटेल यंत्रांसाठी : ‘आयमॅक२०,१’ ही ओळख तिच्या यादीत बसते, ८व्या-९व्या पिढीसाठी वापरतात ती ‘आयमॅक१९,१’ आधीच्या सिक्वॉया आवृत्तीवरच थांबते. नवी आवृत्ती चढवण्याआधी ओपनकोर आणि केक्स्ट अद्ययावत करावेत आणि चालू ईएफआयची प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवावी. विंडोजही हवे असल्यास दुसरा एसएसडी घ्यावा आणि विंडोज बसवताना पहिला काढून ठेवावा; एकाच डिस्कवर दोन्ही असले की विंडोज आपला बूटलोडर यादीत सर्वांत वर नेऊन ठेवते.